पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस परत परत का येतो, आणि त्याचं मूळ कुठं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अशोक चौकात टॉवेल-चादरींची डिझाइनं करून द्यायचं तुमचं काम आहे. डिझाइन घरच्या पीसीवर तयार होतं, पेनड्राइव्हवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात जातं, तिथं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरतं आणि मग जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरला लागतं. येता-जाता एखादं कोटेशन किंवा बिल झेरॉक्सच्या दुकानातही छापून घेता. गेले दोन महिने पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतायत. चार वेळा फॉरमॅट मारला, अँटीव्हायरस फिरवला, नवा पेनड्राइव्हसुद्धा घेतला, तरी तीन-चार दिवसांत पुन्हा तेच. "असा कोणता अँटीव्हायरस आहे जो हा कायमचा काढेल?" असं तुम्ही विचारलंय.

आधी डेटाबद्दल सांगतो, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. डिझाइनं बहुतेक गेलेली नाहीत. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. आत नुसते शॉर्टकट दिसत असताना वापरलेली जागा पाच-सहा जीबी दाखवत असेल, तर फायली जागेवर आहेत, फक्त लपवलेल्या आहेत. विंडोजमध्ये कुठल्याही फायलीला ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ अशा दोन खुणा लावता येतात. दोन्ही लावल्या की नेहमीच्या सेटिंगवर ती दिसत नाही. व्हायरस तुमच्या फोल्डरांना या खुणा लावतो आणि त्यांच्याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला शॉर्टकट समोर मांडतो. त्यावर डबल क्लिक केलं की आधी लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची छोटी फाइल, चालते आणि लगेच तुमचा खरा फोल्डरही उघडतो. फोल्डर उघडल्यामुळं कुणाला शंका येत नाही.

म्हणून फॉरमॅटची घाई करू नका, हे कळकळीनं सांगतो. शाळेच्या गणवेशांचं काम करणारे एकजण माझ्याकडे आले होते. वर्षभराचे कटिंगचे पॅटर्न एकाच पेनड्राइव्हवर होते. शॉर्टकट दिसले म्हणून घाबरून त्यांनी फॉरमॅट केला आणि वर नवीन फायली भरल्या. त्यातलं निम्मंसुद्धा परत मिळालं नाही. तो डेटा व्हायरसनं नेला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवतो. पिंपात डासांच्या अळ्या झाल्या तर बादली धुऊन काय होणार? बादली पुन्हा त्याच पिंपात बुडते. तुमचा पेनड्राइव्ह म्हणजे ती बादली. तो फॉरमॅट केला की शंभर टक्के साफ होतो, त्यात काही उरत नाही. पण ज्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस राहायला आहे त्याला तो लावला की काही सेकंदांत पुन्हा भरतो. तिथं एक छोटा प्रोग्राम सतत मेमरीत बसलेला असतो आणि नवीन ड्राइव्ह कधी लागतो याची वाट बघत असतो. नवा पेनड्राइव्ह घेऊनही फरक पडला नाही, याचं कारण हेच. त्यामुळं पेनड्राइव्ह कसा साफ करायचा यापेक्षा, तुमच्या वाटेवरच्या तीन-चार कॉम्प्युटरांपैकी पिंप कोणतं, हा प्रश्न आधी सोडवायचा आहे.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात हे वेगळ्या वाटेनं यायचं. पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची फाइल असायची आणि पेनड्राइव्ह लावल्या लावल्या विंडोज ती स्वतः वाचायचा. २००८ च्या शेवटी आलेला कॉन्फिकर हा किडा असा पेनड्राइव्हवरूनही पसरला. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन एक्सपी आणि व्हिस्टावरही बंद केली. दार बंद झालं तेव्हा व्हायरस लिहिणाऱ्यांनी माणसाच्या बोटाचा आधार घेतला. शॉर्टकट आपण स्वतःच दाबतो, त्यामुळं विंडोजनं आपोआप काही चालवायची गरजच उरली नाही. ‘ऑटोरन डॉट आयएनएफ नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवा, व्हायरस येणार नाही’ असा सल्ला अजूनही लोक एकमेकांना देतात. तो त्या जुन्या काळातला आहे. शॉर्टकटवाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्याकडचा नेमका कोणता आहे हे न बघता सांगणं बरोबर नाही, पण ओळखायच्या काही खुणा देतो. प्रत्येक फोल्डराचा वेगळा शॉर्टकट दिसत असेल आणि सोबत डॉट व्हीबीएस किंवा डॉट जेएस शेपटीची (शेपटी म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, एक्सटेन्शन) लपलेली फाइल असेल, तर तो स्क्रिप्टचा साधा किडा आहे. हा काढायला सगळ्यात सोपा. पेनड्राइव्हवर त्याच्याच नावाचा एकच शॉर्टकट असेल आणि सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरात सरकवलेला असेल, तर ती गामारू नावाच्या व्हायरसची पद्धत. त्या फोल्डराचं नाव म्हणजे एक न दिसणारं अक्षर असतं, म्हणून तो बिननावाचा भासतो. तिसरा प्रकार अलीकडचा. ‘यूएसबी ड्राइव्ह’ नावाचा एकच शॉर्टकट असतो आणि सिसव्हॉल्यूम नावाचा लपवलेला फोल्डर असतो. हा कॉम्प्युटरवर चोरून क्रिप्टो मायनिंग करतो, म्हणजे तुमच्या मशीनची ताकद वापरून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावतो, शिवाय डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसच्या तपासणीतून स्वतःला वगळून घेतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पीसीचा पंखा काही काम नसताना सतत ओरडत असेल, तर ‘ऊन फार आहे’ म्हणून सोडून देऊ नका, हेही तपासा.

इथं एक गल्लत नेहमी होते. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर विंडोज स्वतः करतो, तो व्हायरस नाही. रिसायकल बिनचा लपलेला फोल्डर, मोबाइलला लावल्यावर तयार होणारे अँड्रॉइड आणि लॉस्ट डॉट डीआयआर हे फोल्डरही निरुपद्रवी. फायलींची नावं चिन्हाचौकोनांत बदलली असतील, आकार भलतेच दिसत असतील, तर तो व्हायरसही नसतो. पेनड्राइव्हची फाइल सिस्टीम बिघडलेली असते, किंवा ६४ जीबी लिहिलेल्या स्वस्त पेनड्राइव्हमध्ये खरी जागा आठच जीबीची असते. असा पेनड्राइव्ह दुरुस्त करत बसू नका, डेटा निघेल तेवढा काढून टाकून द्या.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी फक्त एक करायचं: फिरती थांबवायची. घरातले, ड्रॉवरमधले, कारखान्यात जॉबरच्या (माग सांभाळणाऱ्या मुकादमाच्या) खिशातले, मुलीच्या कॉलेजच्या बॅगेतले असे सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्डं आणि बाहेरची हार्ड डिस्क एका डब्यात गोळा करा. एकही बाहेर राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. लोक आठ पेनड्राइव्ह साफ करतात आणि नववा स्कूटरच्या डिकीत असतो. दोन-तीन दिवस डिझाइन कारखान्यात ईमेलनं पाठवा. गैरसोय होईल, पण तेवढी सोसा.

डेटा काढण्यासाठी विंडोजचा कॉम्प्युटर शक्यतो वापरूच नका. माझी आवडती पद्धत मोबाइलची आहे. पन्नास-शंभर रुपयांत ओटीजी जोडणी मिळते. ती अँड्रॉइड फोनला लावून पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरमधून उघडा. विंडोजची स्क्रिप्ट आणि डॉट एक्सई फायली अँड्रॉइडवर चालत नाहीत. शिवाय विंडोजची ‘हिडन’ ही खूण अँड्रॉइड जुमानत नाही, त्यामुळं खरे फोल्डर, शॉर्टकट आणि व्हायरसची फाइल हे सगळं एकाच यादीत उघडं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बघूनच अर्धं कोडं सुटतं. त्यातून फक्त तुमच्या कामाच्या फायली निवडून फोनमध्ये कॉपी करा: डिझाइनच्या बीएमपी फायली, कंट्रोलरच्या फायली, पीडीएफ, एक्सेल, टॅलीचा बॅकअप. शॉर्टकट, डॉट व्हीबीएस, डॉट जेएस, डॉट बॅट, डॉट एक्सई, डॉट डीएलएल यातलं काहीही घ्यायचं नाही, ओळखीच्या नावाचं असलं तरी. फोल्डरांचं चित्र लावलेल्या डॉट एक्सई फायलीही असतात, म्हणून चित्र न बघता शेपटी बघायची. डेटा फार असेल आणि जवळ कुणी लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची फुकटची सिस्टीम) वापरणारं असेल तर उबुंटू किंवा मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून हेच काम लवकर होतं.

फोन जमत नसेल आणि विंडोजवरच करायचं असेल, तर निदान साफ असल्याची खात्री असलेल्या कॉम्प्युटरवर करा आणि शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्सप्लोररच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फायली दाखवा, फायलींच्या शेपट्या दाखवा, आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स लपवा’ यावरची खूण काढा. ही तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात आणि मग ‘हिडन दाखवलं तरी फायली दिसेनात’ म्हणून येतात. खुणा कायमच्या काढायच्या तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिबची कमांड द्यायची. मी फोनवर सांगतो तशीच लिहितो: ए, दोनदा टी, आर, आय, बी; स्पेस, वजा एच; स्पेस, वजा आर; स्पेस, वजा एस; स्पेस, मग तुमच्या ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, स्टार डॉट स्टार; स्पेस, स्लॅश एस; स्पेस, स्लॅश डी. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. चुकून सी ड्राइव्हवर चालवू नका. आणि या कमांडनं व्हायरस जात नाही, फक्त फायली उघड्या पडतात. इंटरनेटवर ही कमांडच ‘उपाय’ म्हणून सांगितली जाते आणि तिथंच पुष्कळांची फसगत होते.

आता पिंप शोधू. यासाठी एक रिकामा, फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह आणि थोडा संयम एवढंच लागतं. त्यावर दोन फोल्डर करा, प्रत्येकात एखादी साधी फाइल टाका. हा आमिषाचा पेनड्राइव्ह. तो घरच्या पीसीला लावा, काही न उघडता पाच मिनिटं राहू द्या. काढा, पुन्हा लावा, पुन्हा पाच मिनिटं. मग काढून मोबाइलवर बघा. तुम्ही ठेवलेल्या फायलींखेरीज शॉर्टकट, स्क्रिप्ट किंवा अनोळखी फोल्डर आला असेल तर हे पिंप. पुन्हा फॉरमॅट करा आणि कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हेच करा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मधे फॉरमॅट आणि मोबाइलवर खात्री हवीच, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्यावर जाईल. झेरॉक्सच्या दुकानातही चालकाला विचारून एकदा लावून बघा. बिचाऱ्याकडे दिवसाला शंभर पेनड्राइव्ह येतात, त्याच्याकडे सापडला तर त्याला रागावू नका, सांगा. परीक्षेच्या अर्जांच्या दिवसांत अशा एका कॉम्प्युटरवरून किती मुलांच्या पेनड्राइव्हमध्ये हे जात असेल याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं.

एक लक्षात ठेवा, पिंपं दोन असू शकतात. तुमच्या बाबतीत मला तोच संशय आहे. घरचा पीसी साफ करूनही तीन-चार दिवसांनी परत येतो, म्हणजे बहुधा कारखान्यातून परत येताना तो पुन्हा घरी शिरतो. अशा वेळी दोन्ही कॉम्प्युटर एकाच दिवशी साफ व्हायला हवेत, मधे एकही पेनड्राइव्ह न फिरता. मालकांना समजावून सांगा, एक रविवार मागून घ्या.

जकार्डच्या कंट्रोलरची भीती सहसा नको. ज्या कंट्रोलरमध्ये विंडोज नाही तिथं हे किडे चालूच शकत नाहीत. तो फक्त डिझाइनची फाइल वाचतो. त्रास एवढाच की यादीत नको त्या फायली दिसतात किंवा खरी फाइल सापडत नाही, माग थांबतो आणि जॉबरचा वेळ जातो.

कॉम्प्युटर साफ करताना आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट एक्सई (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) चालू दिसतंय का बघा. घरच्या साध्या पीसीवर त्याला सतत चालायचं काही कारण नसतं. दिसलं तर ते बंद करा. मग विंडोजसोबत आपोआप काय काय चालू होतं ते तपासायचं. यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे फुकटचं टूल मी कित्येक वर्षं वापरतोय. ते साफ कॉम्प्युटरवर किंवा फोनवर उतरवून घ्या. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी आटोपशीर होते. लॉगऑनचा भाग, शेड्यूल्ड टास्कचा भाग आणि सर्व्हिसेसचा भाग, हे तीन नीट वाचा. ॲपडेटा, टेम्प, पब्लिक किंवा प्रोग्रामडेटा अशा फोल्डरांतून चालणारी, अर्थ न लागणाऱ्या नावाची नोंद संशयास्पद. गुलाबी रंगातल्या नोंदींना प्रकाशकाची खात्रीशीर सही नसते, त्यांच्याकडे आधी बघा, पण रंग बघून सरसकट काढू नका. जकार्डच्या डिझाइन सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) चालवणारी नोंदही गुलाबी दिसू शकते, ती काढली तर सोमवारी काम बंद. म्हणून आधी नुसती खूण काढायची, म्हणजे नोंद बंद होते पण पुसली जात नाही. शेड्यूल्ड टास्क मात्र चुकवू नका. लोक स्टार्टअप साफ करतात आणि दर दहा मिनिटांनी व्हायरसला पुन्हा उठवणारा टास्क तसाच राहतो.

त्यानंतर डिफेंडरमध्ये जा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स आहे, म्हणजे ज्यांना तपासायचं नाही अशा फोल्डरांची यादी. माझ्या अनुभवात ‘अँटीव्हायरस आहे तरी येतो’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच पानावर सापडतं. कधी व्हायरसनं स्वतःला तिथं टाकलेलं असतं. कधी कुणीतरी डिझाइन सॉफ्टवेअरची क्रॅक (कुलूप तोडलेली, चोरीची) कॉपी टाकताना ‘अँटीव्हायरस उडवतो’ म्हणून अख्खा सी ड्राइव्हच त्या यादीत टाकलेला असतो. असं असेल तर वर्षभर डिफेंडर फक्त नावाला चालू आहे. तुमच्याकडे तसं असेलच असं मी म्हणत नाही, पण बघा, आणि असलं तर स्पष्ट सांगतो, क्रॅक काढल्याशिवाय हा कॉम्प्युटर साफ राहणार नाही. तुम्ही स्वतःची नक्षी विकून पोट भरता. कुणी तुमचं डिझाइन चोरून मागावर चढवलं की किती जिव्हारी लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यादी रिकामी केल्यावर इंटरनेट तेवढ्यापुरतं जोडून डिफेंडर अपडेट करा आणि स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज नेहमीसारखा उठण्याआधीच तपासणी होते, सुमारे पंधरा मिनिटांत. व्हायरसला उठून लपायची संधी मिळत नाही, म्हणून हा स्कॅन नेहमीच्या स्कॅनपेक्षा मोलाचा. नंतर पूर्ण स्कॅन रात्रभर लावा. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: डिफेंडरचा पूर्ण स्कॅन मूळ सेटिंगवर पेनड्राइव्ह तपासत नाही. ‘फुल स्कॅनमध्ये काही सापडलं नाही’ म्हणून पेनड्राइव्ह साफ समजू नका. पेनड्राइव्हसाठी कस्टम स्कॅन निवडून ड्राइव्ह स्वतः दाखवावा लागतो, किंवा त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करावा लागतो.

पैसे देऊन घ्यायच्या अँटीव्हायरसबद्दल तुम्ही विचारलंच आहे. आपल्या पुण्याचा क्विक हील आहे, इतरही चांगले आहेत. चालू असलेला, अपडेट होणारा आणि कुणी वगळणूक न लावलेला कुठलाही एक पुरे. दोन एकदम टाकू नका. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, त्यांच्या संकेतस्थळावर काढायची टूलं फुकट मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध हे टूलही तिथंच आहे. कोणता पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लागू शकतो यावर त्यानं नियंत्रण ठेवता येतं, कारखान्याच्या ऑफिसासाठी ते बघण्यासारखं आहे.

सी ड्राइव्हवर विंडोज नावाचे दोन फोल्डर दिसले आणि एकाच्या नावाच्या शेवटी रिकामी जागा असली, तर तो वर सांगितलेला मायनिंगवाला प्रकार आहे. असं दिसलं, किंवा स्कॅनमध्ये सॅलिटी, रॅमनिट अशी नावं आली, तर साफसफाईच्या नादी लागू नका. सॅलिटी आणि रॅमनिट इतर डॉट एक्सई फायलींच्या आत शिरतात. एक राहिली तरी सगळं पुन्हा सुरू होतं. डेटा काढून विंडोज नव्यानं टाकणं हाच शहाणपणा. मात्र नव्यानं टाकताना डी ड्राइव्हवर जपून ठेवलेले जुने सेटअप वापरू नका, कारण किडा त्यातही असतो. विंडोज तीनदा टाकूनही व्हायरस येतो अशी तक्रार घेऊन आलेल्या एका पीसीत मला तो डी ड्राइव्हवरच्या प्रिंटरच्या सेटअपमध्ये सापडला होता.

दोन्ही कॉम्प्युटर साफ झाले, आमिषाचा पेनड्राइव्ह दोन्हीकडे लावून मोबाइलवर कोरा दिसला, की मगच डब्यातले पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचे. साधा क्विक फॉरमॅट पुरतो. कंट्रोलरला बहुधा फॅट३२ या प्रकारचं फॉरमॅट लागतं, मशीनच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीतून फॅट३२ होत नाही, म्हणून मागासाठी आठ किंवा सोळा जीबीचाच ठेवा. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्यानं आमिष लावून बघा.

पुढं परत येऊ नये म्हणून वाट एकेरी करा. तुमच्या कामात पेनड्राइव्हवरून काही घरी आणायची गरज नाही, फक्त न्यायची आहे. कार्ड रीडरमध्ये एसडी कार्ड वापरा. त्याच्या कडेला छोटी सरकपट्टी असते. घरी डिझाइन भरलं की ती लॉकवर सरकवा, मग कारखान्याचा कॉम्प्युटर त्यावर लिहू शकत नाही. काही स्वस्त रीडर ही पट्टी जुमानत नाहीत, म्हणून घेताना लॉक करून एखादी फाइल टाकून बघा, टाकता आली तर रीडर बदलून मागा. मी स्वतः माझी टूलं २०१० पासून अशाच लॉक केलेल्या माध्यमावर नेतो. त्याच्या आदल्या वर्षी एका ऑफिसातला किडा माझ्याच पेनड्राइव्हवरून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चार कॉम्प्युटरांत गेला होता. मी दोन रात्री बसून ते साफ करून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि ती चूक पुन्हा होऊ दिली नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह द्यायचाच नाही. पीडीएफ करून ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा. घरच्या पीसीवर ऑटोप्ले बंद करा, फायलींच्या शेपट्या कायम दिसू द्या, आणि डॉट व्हीबीएस व डॉट जेएस फायली डबल क्लिकनं नोटपॅडमध्ये उघडतील असं सेट करा. हे शेवटचं दोन मिनिटांचं काम आहे, पण स्क्रिप्ट चुकून दाबली गेली तर चालण्याऐवजी नुसता मजकूर उघडतो. शॉर्टकट मात्र डब्ल्यूस्क्रिप्टला थेट हाक मारू शकतो, म्हणून एवढ्यावर निश्चिंत राहू नका. कॉम्प्युटर कोणी जाणता लावून देत असेल तर विंडोज स्क्रिप्ट होस्टच बंद करून घ्या, पण डिझाइन सॉफ्टवेअर त्यावाचून चालतंय का हे बघून.

कारखान्यातला कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल, आणि आपल्या भागात अजून बरेच तसे आहेत, तर त्याचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षा अपडेट, जानेवारी २०२० मध्येच संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून तो बदलता येत नसेल, तर इंटरनेट पूर्ण काढा आणि त्याला तुमचं लॉक केलेलं कार्ड सोडून काहीही लावू देऊ नका. मोबाइल चार्जिंगलासुद्धा नाही. शिफ्टमधल्या मुलांना त्यासाठी वेगळा चार्जर आणून द्या, नुसता बोर्ड लावून कुणी ऐकत नाही.

एवढं करूनही शॉर्टकट परत दिसला तर पेनड्राइव्ह लगेच साफ करू नका. त्याच क्षणी तो शेवटचा कुठल्या कॉम्प्युटरला, किती वाजता लागला होता ते लिहून ठेवा. साफ कॉम्प्युटरवर त्या शॉर्टकटवर डबल क्लिक न करता राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधली टार्गेटची ओळ पूर्ण उतरवून घ्या किंवा तिचा फोटो काढा. नुसतं ‘शॉर्टकट व्हायरस’ या नावावरून फारसं काही सांगता येत नाही. त्या ओळीत तो कुणाला हाक मारतोय आणि कुठली फाइल चालवतोय हे लिहिलेलं असतं. ती ओळ आणि ऑटोरन्सच्या लॉगऑन व टास्क या भागांचे फोटो पाठवा, पुढचं मी बघून सांगतो.